रायफलीचा जुना पार्ट

नवी रायफल घरात येऊन आठवडा झाला आणि तिला शरम वाटायला लागली. खांद्याला लावली की नळी खाली घालायची. नव्या नवरीसारखी नाही, चोरी सापडलेल्या माणसासारखी. मी नळीखाली हात देऊन वर उचलायची. हात काढला की परत जमिनीकडं.

दिवस मावळायला डुकरं भुईमुगात शिरायची. मी बांधावर उभी आणि रायफल माझ्या पायाच्या अंगठ्याकडं बघत. डुकरांच्या ते ध्यानात आलं असणार, कारण पुढं पुढं ती पळायचीच बंद झाली. एक डुकरीण तर माझ्याकडं बघत खात होती. दोन आठवडे असंच चाललं. काढणीला महिना होता. रायफल दुरुस्त झाली नाही तर शेंग घरात येणार नव्हती.

आमचे मालक वारल्यावर पीक राखायचा परवाना माझ्या नावावर झालाय. रायफलीला वॉरंटी दोन वर्षांची. म्हणून ती वाकळेत गुंडाळली, परवाना कमरेला खोचला आणि तालुक्याला गेले.

कंपनीची वॉरंटीची कामं तिथं दस्तगीर मिस्त्री करतात. साठीचा माणूस, चष्म्याला दोरी. त्यांनी रायफल टेबलावर आडवी ठेवली. नळी हळूहळू टेबलाच्या कडेवरनं खाली आली.

"शरमच आहे," मिस्त्री म्हणाले. "कधीपासनं?"

"दोन आठवडे. बदलून द्या. नवीच आहे."

"बदलायची गरज नाही, काढता येती. पण शरम कुणाची ते आधी ठरवाय लागंल. कारखान्यातनं आली असंल तर वॉरंटीत बसती, आणि काढलेला पार्ट कंपनी ठेवून घेती. गिऱ्हाइकाची असंल तरी मी काढून देतो. पण मग जुना पार्ट गिऱ्हाइकानं घरी न्यायचा."

"घरी नेऊन काय करू मी त्याचं?"

"ते फॉर्मात नाही, वैनी."

त्यांनी फॉर्म पुढं सरकवला. मी चौथी शिकलेली आहे, माझं अक्षर कुणाला हसायला देत नाही. नाव लिहिलं, गाव लिहिलं. सात नंबरला होतं, 'पहिला नेम कशावर धरला?' मी लिहिलं, रानडुक्कर.

टेबलावर नळी आणखी खाली गेली. मिस्त्रींनी बोटं लावून मोजली आणि शेऱ्यात लिहिलं, चार बोटं.

"खोडायला जागा आहे," ते म्हणाले.

"मी खोटं लिहिलं म्हणताय काय?"

"मी कुठं म्हणतोय? ती म्हणतीया."

"तिला काय कळतंय! कारखान्यात काय काय झालं असंल, ते तुम्ही बघाय गेला होता?"

"जायला लागत नाही. कारखान्यातल्या शरमेवर शिक्का असतो. मागल्या साली सोळा रायफली आल्या, सगळ्या माना खाली घालून. साहेबानं न तपासताच सह्या मारल्या होत्या. सोळाच्या सोळांत शिक्का निघाला. कंपनीनं गुमान परत नेल्या."

"मग उघडा हीपण! निघंल की शिक्का!"

एवढ्या जोरात बोलले की बाहेरचा सायकलवाला थांबून आत बघायला लागला.

मिस्त्रींनी दोन स्क्रू काढले, चिमटा आत घातला आणि जांभळाच्या बीएवढं काहीतरी काढून बशीत ठेवलं. ओलसर होतं. एवढ्याशानं बशी वाजली. भिंग लावून त्यांनी ते सगळीकडनं फिरवून बघितलं.

"शिक्का नाही. हात लावून बघा, कोमट आहे. आणि वास कशाचा येतोय?"

मी हुंगलं नाही. मला आधीच आला होता. ओल्या गवताचा.

मग मी स्टुलावर बसले आणि सांगितलं. शकू माझी धाकटी जाऊ. दीर गेल्यापासनं एकटी राहते. तिच्या घराची वाट माझ्या बांधावरनं आहे. बांध ढासळतो, रस्त्यानं फिरून जा, असं मी तिला दोनदा सुनावलं होतं. रायफल आली त्या दिवशी तिला हळदकुंकू लावलं आणि हातात घेऊन उभी राहिले, तर शकू गवताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरनं येत होती. मी रायफल खांद्याला लावली. गोळी नव्हती, पण तिला काय ठाऊक? तिनं भारा टाकला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "आक्का, नको."

आणि मी हसले.

"गोळी नव्हती, हे लिहू," मिस्त्री म्हणाले. "त्यानं काय फरक पडत नाही. पण लिहू."

सात नंबरला मी 'रानडुक्कर' खोडलं आणि 'जाऊ' लिहिलं. मिस्त्रींनी रायफल जोडून टेबलावर ठेवली. नळी सरळ राहिली. जुना पार्ट त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वर माझ्या नावाची चिठ्ठी टाचली आणि 'मिळाला' म्हणून माझी सही घेतली.

"हितंच राहू द्या की. कपाटात."

"कपाट भरलंय, वैनी."

रायफल आता चांगली चालते. पहिल्याच बाराला डुकरं ओढ्यापलीकडं गेली. पिशवी मात्र कुठं ठेवायची कळेना. मी ती उकिरड्यात पुरली. दुसऱ्या दिवशी उकिरडा उकरणाऱ्या चारही कोंबड्या माना खाली घालून फिरायला लागल्या, आणि कोंबड्यांचा तर काही गुन्हा नव्हता. मी पिशवी उकरून काढली, धुतली आणि शकूच्या दारात गेले. रस्त्यानं गेले. केवढं लांब पडतं ते तेव्हा कळलं.

शकू गुडघ्याला तेल चोळत बसली होती. मला बघून पदर सावरत उठली.

"हे रायफलीतनं निघालंय," मी म्हणाले.

तिनं पिशवी उघडून ते तळहातावर घेतलं आणि हुंगलं. "माझ्या गवताचा वास येतोय की. माझं हाय व्हय?"

"नाही. माझं हाय. चिठ्ठीवर नाव हाय बघ."

"आत्ता गं बया! एवढंसं, आणि जड केवढं!" ती बराच वेळ ते तोलत राहिली. "मग माझ्याकडं का आणलंसा? मी ठेवून घेऊ?"

"नको. तुला दाखवायचं होतं. आणि उद्यापासनं बांधावरनं ये."

तिनं पार्ट पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "रायफल कुठं असंल?"

"कुलपात."

"मग तुम्ही बांधावर उभं राहायचं. मला हात दिसतील असं."

तेव्हापासनं मी रोज उभी राहते. एका हातात काही नसतं, दुसऱ्यात पिशवी. शकू भारा घेऊन येते. तिनं हात जोडले होते त्या जागी आली की माझी मान आपोआप खाली जाते. मग ती तिथं थांबते, एका हातानं भारा धरून दुसऱ्या हाताची बोटं माझ्या हनुवटीला लावते आणि मान किती खाली गेली ते मोजते.

"काल पाच होती," आज ती म्हणाली. "आज साडेचार हाईत, आक्का." आणि घराकडं गेली.