स्केलबरोच्या तुरुंगातली मंगळवारची जागा

गावाची प्रतिष्ठा त्याच्या तुरुंगावरून ठरते, असं जाणकार म्हणतात. (जाणकार आतच असतात, त्यामुळे त्यांना म्हणायला वेळ असतो.) आमच्या स्केलबरोची तर प्रतिष्ठाच काय, नगरभवन, वाचनालय, पोहण्याचा तलाव, धान्यबाजार आणि अख्ख्या यॉर्कशायरमधलं सर्वात देखणं सार्वजनिक शौचालय, सगळं एका तुरुंगाच्या जिवावर उभं आहे.

सन १७८६मध्ये जोसाया हाल्डनबी नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने टेकडीखालची जमीन तुरुंगासाठी गावाला दान दिली. अट एकच. आत निदान एक बंदिवान आहे तोवर जमीन गावाची. तुरुंग मिनिटभर जरी रिकामा झाला, तरी ती वरच्या बांधकामासकट हाल्डनबीच्या वारसांची. गावाने अट नीट वाचली आणि उरलेल्या सगळ्या इमारती त्याच जमिनीवर बांधल्या. सध्याचे वारस कॅनडात दातांचे डॉक्टर आहेत. अतिशय सज्जन माणूस. दर नाताळला कार्ड येतं: ‘सर्वांना शुभेच्छा. आत कोणी आहे ना?’

पुढे सरकारने तुरुंग बंद केला तेव्हा आत एक बदकचोर शिल्लक होता. नगरपरिषदेने त्याचे पाय धरले. त्याच्या संमतीने, आणि रविवारच्या रविवार एक भाजलेलं बदक देऊन, त्याची शिक्षा सतरा वर्षांनी वाढवण्यात आली. तो वारला त्या सकाळी धावतपळत ‘मानद बंदिवान’ हे पद निर्माण झालं. तेव्हापासून पाळ्या चालतात. नवा आत गेल्याशिवाय जुना बाहेर येत नाही.

मंगळवारी सकाळी नऊ ते दुपारी तीन ही पाळी वॉल्टर सगडेन यांनी एकतीस वर्षं सांभाळली. यंदा गुडघ्यांमुळे ते सुटले. जागा भरण्याची सूचना वाचनालयाच्या दारावर लागली आणि तिच्याखाली, कायद्याने लावावे लागतात म्हणून, १७८६चे नियम. बंदिवानास स्वतंत्र खोली मिळेल. दार बाहेरून बंद राहील व पहारेकऱ्याच्या परवानगीविना कोणीही आत येणार नाही. जेवण गरम असताना दिले जाईल. झोपेत व्यत्यय आणल्यास तो दंडनीय अपराध समजला जाईल. बंदिवानाच्या हाती कोणतेही ओझे दिले जाणार नाही.

माझी लेक मेबल कडेवर होती, तिची मूठ माझ्या केसांत होती. मी नियम दोनदा वाचले. शेजारी आणखी तीन ढकलगाड्या थांबल्या होत्या. एकमेकींकडे आम्ही ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर इथे एरवी फक्त जानेवारीच्या सेलमध्ये दिसते.

अर्ज आले त्रेचाळीस. त्यांतल्या एकेचाळीस जणी दोन वर्षांखालच्या मुलांच्या आया.

अर्जात एक रकाना होता: ‘अपराध’. दानपत्राप्रमाणे बंदिवानाच्या नावावर काहीतरी अपराध हवाच. सगडेन यांनी त्यांच्या वेळी ‘शेजाऱ्याची हातगाडी, १९७४’ असं लिहून वेळ मारून नेली होती. यंदाच्या दोन पुरुष उमेदवारांनी ‘आठवत नाही’ लिहिलं. आयांनी सरासरी अडीच पुरवण्या जोडल्या. नगरपरिषदेचं म्हणणं, इतका कबुलीजबाब या इमारतीने चालू तुरुंग असतानाही पाहिला नव्हता.

मुलाखतीला अध्यक्षा मिसेस ऑलरेन्शॉ आणि कारकून मिस्टर टॉर्डॉफ बसले होते.

“अकरा मिनिटं टीव्ही दाखवलास?” बाई चष्म्यावरून म्हणाल्या.

“हो.”

“आणि हे बघ पोरी, ‘ती झोपल्यावर मला बरं वाटलं’ हा अपराध तू दोनदा लिहिला आहेस.”

“दोनदा वाटलं.”

टॉर्डॉफनी तिथेच शिक्का मारला.

पहिल्या मंगळवारी नऊला दार बंद झालं. चहा आला आणि माझी जीभ भाजली. सवय सुटली होती. पंधरा महिन्यांनी भाजलेल्या त्या जिभेचं कौतुक मला अजून आहे. पलंग होता. शांतता होती. शांततेत काय करायचं ते आठवेना, म्हणून मी ब्लँकेटच्या चौकोनी घड्या घातल्या आणि पुन्हा मोडल्या.

दाराला एक झडप आहे. शुभेच्छा द्यायला येणारे तिच्यातून बोलतात. पावणेबारापर्यंत सतरा जण आले. सतराही जणांनी एकच विचारलं: “आणि बाळ कोणाकडे?” पाववाल्याने विचारलं. पाद्रीबाबांनी विचारलं. दार चुकून आलेल्या एका पर्यटकानेसुद्धा विचारलं. सगडेनना चार मुलं, त्यांतली दोन जुळी. एकतीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारल्याची नोंद नाही.

अठराव्या मिसेस ऑलरेन्शॉ, हातात किल्ली.

“पोरी, बाजारात तुझं बाळ रडताना ऐकलं मी. काळजाला घरं पडली गं. सद्वर्तनाबद्दल तुला सोडतेय.”

मी बूट घातले. रडणं मलाही ऐकू येत होतं. उजवा बूट डाव्या पायात गेला, तरी मी दारापाशी पोचले.

तेवढ्यात टॉर्डॉफ जिन्यावरून धापा टाकत आले. “हात लावू नका बाई! तीनला दुसरा आत आल्याशिवाय ही बाहेर पडली तर तलाव गेला! आत्ता चाळीस माणसं पोहताहेत त्यात. ती कॅनडात निघतील!”

“अहो, लेकरू रडतंय! माणुसकी आहे की नाही?”

“माणुसकी आहे. दानपत्रात नाही.”

किल्ली कुलपात फिरू लागली. मी स्टुलावर चढून गजांतून खाली पाहिलं. बाजार भरला होता.

“मेंढी आहे,” मी म्हणाले.

“नक्की?”

“काळं तोंड, चार पाय.”

“आईचं काळीज ना तुझं? जाऊन बघून तरी ये.”

पाय अजून दाराकडेच वळत होते. मी बूट काढले, पलंगाखाली सरकवले आणि म्हणाले, “किल्ली घेऊन जा, मिसेस ऑलरेन्शॉ. झोपेत व्यत्यय आणणं हा दंडनीय अपराध आहे.”

मी दोन तास चाळीस मिनिटं झोपले. टॉर्डॉफनी नोंदवहीत लिहिलं: ‘बंदिवान घोरत आहे. नगरभवन सुरक्षित.’

राहता राहिले वाचक. बाळ कोणाकडे होतं, हे मी अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्ही केव्हापासून विचारताहात ते मला ठाऊक आहे. बाळ त्याच्या बापाकडे होतं. आता ‘अगं बाई, एकट्या बापाकडे?’ असंही जर मनात येऊन गेलं असेल, तर अभिनंदन. तुरुंगाला कैदी एकच पुरतो, पहारेकरी मात्र पुष्कळ लागतात. पद मानद आहे आणि तुमची नेमणूक आजपासून धरण्यात आली आहे.