मुकी गाणी

ऑफिसात त्यांना सगळे जुडगेराव म्हणत. लिफ्ट दुरुस्तीला निघाले की त्यांच्या कमरेला किल्ल्यांसारखा पेनड्राइव्हचा जुडगा लटकलेला असायचा, एकेका ड्राइव्हमध्ये एकेका जुन्या लिफ्टचा जीव, म्हणजे ती चालवणारी फाइल. त्यातला एक, मुलीने नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका दिलेला, गेल्या वर्षी कुठेतरी पडला आणि साहेबांना आयतंच निमित्त मिळालं.

"आता हे बास! सगळं क्लाउडवर टाका आणि जुडगा माझ्याकडे जमा करा."

जुडगेरावांनी आधी तोंड वाकडं केलं. पण एकदा मनावर घेतल्यावर रविवारी बसून त्यांनी स्क्रीनवरची फाइलींची सगळी चित्रं एकेक करून वर चढवली. वीस वर्षांचं काम चहा निवायच्या आत चढलं, याचं त्यांना नवल वाटलं, शंका मात्र आली नाही. सोमवारी त्यांनी छाती काढून जुडगा जमा केला, आणि साहेबांनी दुपारपर्यंत सगळे ड्राइव्ह कोरे करून टाकले.

आज त्या सहा मजली इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. विजेच्या झटक्याने तिची स्मृतीच गेली होती. कुठला मजला कुठे आणि दार कधी उघडायचं, तिला काही म्हणता काही आठवत नव्हतं. खाली जिन्याशेजारी चाकांच्या खुर्चीत एक आजोबा बसले होते. खुब्याचं ऑपरेशन करून कितीतरी आठवड्यांनी ते आज घरी परतले होते. वर सहाव्या मजल्यावर आजी. तिच्या गुडघ्यांना जिना उतरवत नव्हता, यांना चढवत नव्हता.

"किती वेळ लागेल हो?" आजोबांनी विचारलं.

"हा काय, आत्ता! फाइल घ्यायची, आत भरायची, झालं. क्लाउडवर आहे ना सगळं."

"क्लाउडवर? म्हणजे ती आमच्या सहाव्या मजल्याच्याही वर गेली."

लिफ्टचं पॅनल तळघरात होतं आणि तळघरात रेंजचा पत्ता नव्हता. जुडगेराव लॅपटॉप घेऊन वर आले. तिथे रेंज मिळाली, पण क्लाउडने कोड मागितला. खातं उघडताना त्यांचा फोन रुसला होता, म्हणून नंबर बायकोचा दिला होता. त्यांनी तिला फोन लावला.

"अगं, तुझ्या मोबाइलवर एक कोड आलाय बघ. सांग पटकन."

"कोड कुणालाही सांगू नका, असं लिहिलंय त्यात."

"अगं, मी कुणीही आहे का? नवरा आहे तुझा!"

"आवाजावरून काय कळतंय? हल्ली आवाजसुद्धा चोरतात. नवरा असाल तर सांगा, सकाळी निघताना मी तुम्हाला काय सांगितलं?"

जुडगेरावांनी डोकं खाजवलं. सकाळी ती काहीतरी बोलली होती खरी. ते बूट घालत होते, मान हलवली होती, एवढं आठवत होतं. "अगं, ते... घाईत होतो गं मी..."

"हं, म्हणजे तुम्हीच आहात. घ्या लिहून."

खातं उघडलं. सगळी नावं जागच्या जागी पाहून जुडगेरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी फाइल उतरवली, तळघरात नेली, उघडली. आत काहीच नव्हतं. रविवारी त्यांनी वर चढवले होते ते फाइलींकडे जाणारे नुसते शॉर्टकट. फाइली होत्या त्या ड्राइव्हमध्ये, आणि त्यातला एक हरवला होता, बाकीचे साहेबांनी कोरे केले होते. ही लिफ्ट बनवणारा कारखानाही कधीच बंद पडला होता.

ते जिन्यावरून सावकाश वर आले. आजोबांना काय तोंड दाखवायचं? आजोबा फोनवर बोलत होते.

"हो गं, पोहोचलो म्हणजे पोहोचलोच की. तुझ्या खालीच बसलोय. तू बाल्कनीत येऊ नकोस, तोल जाईल." फोन ठेवून त्यांनी जुडगेरावांकडे पाहिलं आणि चेहऱ्यावरून काय ते ओळखलं. "होईल हो. तिथे दवाखान्यात इतके आठवडे थांबलोच की. मावशी, जरा गाणी लावा."

जिन्याखाली इस्त्रीचं टेबल मांडलेल्या मावशींनी रेडिओ सुरू केला. एक गाणं झालं. मग रेडिओ गप्प. खुर्रर्र झालं, पुन्हा गप्प.

"बिघडला का हो?" आजोबा म्हणाले.

"छे! यात मधेमधे मुकी गाणी आहेत. ती संपली की लागतं पुढचं."

"मुकी गाणी?" जुडगेरावांनी मान वर केली. रेडिओच्या पोटात खुपसलेल्या ड्राइव्हवर एक गुलाबी ठिपका होता. गेल्या वर्षी हरवलेला, याच लिफ्टचा.

"मावशी! हा... हा कुठे मिळाला तुम्हाला?"

"इथेच, जिन्याखाली. झाडताना. वर्ष होत आलं. भाच्याने गाणी भरून दिली. म्हणाला, आधीचं पुसतो. मी म्हटलं, राहू दे रे, कुणाचं तरी असेल. काही खातंय का ते?"

सकाळपासून चार वेळा जुडगेराव त्या रेडिओसमोरून गेले होते. ते मावशींना हात जोडून, ड्राइव्ह घेऊन तळघराकडे धावले.

थोड्याच वेळात लिफ्टचं दार उघडलं. मावशींनी खुर्ची आत ढकलली. आजोबांनी सहाचं बटण स्वतः दाबलं, दोनदा. लिफ्ट वर गेली आणि तिच्या पोकळीतून आजीचा आवाज खाली आला, "अहो, किती वाळलात!"

जुडगेरावांनी ड्राइव्ह परत रेडिओला लावला.

"तुमची मुकी गाणी काढून घेतलीत?" मावशींनी विचारलं.

"उतरवून घेतली. पण इथलीही राहू देत. तुमच्याकडे सुखात आहेत."

तेवढ्यात साहेबांचा फोन. "झालं ना? बघा! म्हटलं नव्हतं, क्लाउड असला की कुठेही जा, फाइल हजर!"

"हजर होती, सर," जुडगेराव म्हणाले. बाकीचं उद्या समोरासमोर सांगायचं होतं. मग त्यांनी बायकोला फोन लावला.

"सकाळी तू काय म्हणाली होतीस गं?"

"का? पुन्हा कोड हवाय?"

"नाही. ऐकायचंय."

"आज लवकर या, म्हटलं होतं. काही कारण नाही, असंच."

"निघालोच," जुडगेराव म्हणाले आणि खरंच तसेच निघाले. ते गेल्यावर मावशींना इस्त्रीच्या टेबलावर त्यांचा मोठा स्क्रूड्रायव्हर दिसला. हाका मारून उपयोग नव्हता, ते केव्हाच कोपऱ्यावरून वळले होते. मावशींनी तो पुसला आणि रेडिओच्या मागे नीट ठेवून दिला.