दांडीला बदली माणूस

शांतलिंग गुरुजी तहसील कचेरीतून परत आले ते तोंड पाडूनच. चिंचपूरची पोरं शाळेत येत नाहीत, पुढच्या तपासणीला वर्ग भरलेला दिसला नाही तर शाळा उचलून बेंबळीला देऊ, असं त्यांना तिथं ऐकवलं होतं. निजामाच्या अमदानीत खेड्याला शाळा मिळणं काही सोपं नव्हतं. महारुद्र पाटलांना स्वतःला अक्षरओळख नव्हती, पण शाळा गावची होती आणि बेंबळी ही त्यांची सासुरवाडी होती. मेव्हण्यांनी मिशीला पीळ देत आपल्याकडं बघावं, यापेक्षा पाटलांनी गाव सोडला असता.

"गुरुजी, तुमी निवांत ऱ्हावा," पाटील म्हणाले. "म्या असताना शाळा जातीय कुठं?"

त्याच संध्याकाळी दवंडी फिरली. जे पोरगं शाळेला दांडी मारील, त्याच्या घरचं मोठं माणूस दिवसभर त्याच्या जागी पाटी घेऊन बसेल! बाप चारचौघांत लाजला की पोराला कान धरून आणतो, असा पाटलांचा हिशेब होता. ही अक्कल खुद्द तहसीलदारालाही सुचली नाही, याचा त्यांना रात्रभर अभिमान वाटत राहिला.

सकाळी सगळी पोरं हजर होती. नव्हता तो फक्त पाटलांचा सिदू. तो बोरं खायला रानात पळाला होता. आपलेच दात, आपलेच ओठ!

"जाऊ द्या पाटील, एका दिवसाचं काय," गुरुजी चाचरत म्हणाले.

"जाऊ द्या कसं? कायदा म्हंजी कायदा!"

पाटील फेटा सावरून पहिलीच्या पोरांत तरटावर बसले, आणि असे बसले की बघणाऱ्याला वाटावं, सत्कारच चाललाय. दुपारी त्यांना तिथंच पान आलं. भिंतीला टेकून झकास डुलकीही झाली. दुसऱ्या दिवशी सिदूला बोरांची चटक लागली होती आणि पाटलांना डुलकीची, त्यामुळं पुन्हा पाटीलच हजर.

हे शिवलिंगप्पांनी पाहिलं. त्यांची ज्वारी काढणीला आली होती. उन्हात वाकून कंबर मोडण्यापेक्षा पाटलांच्या मांडीला मांडी लावून सावलीत बसावं, हे कुणालाही पटेल. ते ऐटीत आत आले.

"गुरुजी, आमच्या पोरानं बी दांडी मारली की हो!"

"कुठं गेलाय?"

"म्याच धाडलाय, ज्वारी काढाया."

मग काय विचारता! सुगीचे दिवस, घरोघरी ज्वारी उभी. बघता बघता गावातल्या यच्चयावत पोरांनी दांडी मारली आणि वर्ग मिशांनी भरून गेला. गुरुजी "कमळ" म्हणत, वर्ग एका सुरात "कमळ" म्हणे आणि पुन्हा बैलांच्या किमतीवर येई. गुरुजींची छडी कोपऱ्यातच राहिली. ती उगारायची तरी कुणावर?

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसे नेमके त्याच वेळी तपासणीचे साहेब दारात उतरले. आत पाहून ते उंबऱ्यातच थबकले.

"ये क्या तमाशा है? मुलं कुठं आहेत?"

पाटील छाती काढून उठले. "हुजूर, एक बी जागा रिकामी न्हाय. बघून घ्या."

"ही मुलं आहेत?"

"मुलांचे बाप हायत. माल त्योच, जरा जुना."

साहेबांना हसू फुटत होतं, पण त्यांनी मान हलवली. "नाही पाटील. शाळा बेंबळीला जाईल."

पाटलांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. त्यांच्या डोळ्यांपुढं मेव्हण्यांच्या मिशा उभ्या राहिल्या.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. ज्वारी काढायला धाडलेल्या पोरांनी बैल शिवलिंगप्पांच्याच हरभऱ्यात सोडून विटीदांडू मांडला होता, आणि राबून राबून वैतागलेल्या बायकांचं डोकं फिरलं होतं. सगळ्या पोरांना मेंढरांसारखं हाकत त्या शाळेवर चालून आल्या. सर्वांत पुढं पाटलीणबाई, धुरपदाबाई.

"गुरुजी, ही घ्या तुमची पोरं, अन् आमचे नवरे द्या!"

पोरं आत घुसली. बाप उठेनात.

"आबा, उठा, माजी जागा हाय!"

"थांब लेका, घाई कशाची?"

तरटं ओढली गेली, एक फेटा सुटला, दोन पाट्या फुटल्या. मग मात्र साहेब पोट धरून हसले. "ज्या गावात शाळेतल्या जागेसाठी बापलेक भांडतात, तिथली शाळा हलवली तर लोक मला वेड्यात काढतील. शाळा इथंच राहील. आणि पाटील, तुमचा कायदाही राहू द्या. चांगला आहे."

पाटील गावभर मिरवले. पुढच्या आठवडी बाजारात बेंबळीकरांना गाठून त्यांनी ही हकिगत तिखटमीठ लावून सांगितली आणि भर दुपारी भुकेजून घरी आले. बघतात तो चूल थंड, घरात चिटपाखरू नाही. शेजारणीनं नुसतं शाळेकडं बोट दाखवलं.

शाळेत पोरांच्या रांगेत धुरपदाबाई बसल्या होत्या. पदर खोचलेला, मान पाटीवर.

"हे काय? सिदू कुठाय?"

"त्यानं दांडी मारली," त्या वर न बघता म्हणाल्या.

"टकुरंच फोडतो त्याचं! तू ऊठ आधी."

"त्याला हात लावू नगा. म्याच धाडलाय मळ्यात."

पाटलांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी आढ्याकडं पाहत म्हणाले, "घरचं मोठं माणूस, पाटील. कायदा तुमचाच आहे."

"अगं पर भाकरी?"

"एवढी वर्सं म्याच थापली की," धुरपदाबाई म्हणाल्या. "ल्हानपणापासनं लई वाटायचं, एकदा तरी पाटी धरावी. आज धरलीया. माजं नाव निम्मं झालंय. ते पुरं झाल्याबिगर म्या उठत न्हाय."

त्यांनी पाटी पुढं केली. पाटलांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"काय लिव्हलंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"वाचा की. तुमी बी हितंच बसला व्हता."

पाटलांनी पाटी जपून परत दिली आणि ते चूल पेटवायला घरी गेले.