मास्तर कुशीवर झोपतात

"माझ्या हातचा कपडा आजवर परत आलेला नाही!" हे वाक्य टेलर मास्तर इतक्या वेळा म्हणत, की शेजारच्या न्हाव्यालाही ते पाठ झालं होतं. आणि खोटं नव्हतं ते! मास्तरांच्या हातची पँट एक वेळ फाटेल, पण शिलाई उसवायची नाही.

फक्त मास्तर घोरायचे. साधंसुधं नव्हे, घाट चढणाऱ्या ट्रकसारखं! आणि मधेच ट्रक बंद पडायचा. श्वासच थांबायचा. मग बायको दचकून उठून बसायची. "अहो! अहो, ऐकलंत का?" असं म्हणून तिनं गदागदा हलवलं, की मोठा हिसका बसून गाडी पुन्हा सुरू! तिच्या झोपेचं पार खोबरं झालं होतं आणि मास्तरांना त्याचा पत्ताच नव्हता. शेवटी तिनं त्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं.

"उताणं झोपलं की जीभ मागं पडते, घशातली वाट अडते," डॉक्टर म्हणाले. "कुशीवर झोपल्यानं बऱ्याच जणांना फरक पडतो. पण एक सांगा, दिवसा पेंग येते का? काम करताना?"

"छे छे! दिवसभर एकदम टवटवीत!"

बायकोनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पंख्याकडे पाहिलं. मशीनवर पेंगणाऱ्या शिंप्याकडे कापड टाकणार कोण?

"तरी झोपेची तपासणी करून घ्या. एक रात्र इथं, अंगाला वायरी लावून..."

"कशाला? कुशीवर झोपतो की!"

"बरं. आणि तुमच्याकडे शिवायला टाकलेला माझा कोट? उद्या व्याख्यान आहे माझं. दोघंही या."

मास्तर दुकानात परतले ते नवीन युक्ती घेऊनच. जुना टेनिसचा चेंडू घेतला, मधोमध कापला. बनियनच्या पाठीवर ठिगळ लावायचं, आत अर्धा चेंडू. उताणं झालं की टोचलाच पाहिजे! टेबलावर बनियन होता, शेजारी डॉक्टरांचा कोट, अस्तराची खालची बाजू तेवढी शिवायची राहिलेली. मास्तरांनी सुई ओवली, ठिगळ घेतलं, चेंडू घेतला आणि... डोळा लागला.

जाग आली तेव्हा कोटाचं अस्तर शिवून तयार! "बघा! झोपेतही हात चुकत नाही!" मास्तर स्वतःवरच खूश. ठिगळ आणि अर्धा चेंडू मात्र कुठं दिसेना. मशीनखाली पाहिलं, चिंध्यांत पाहिलं. जाऊ दे, दुसरा अर्धा आहेच! नवीन ठिगळ लावून तो बनियनला बसवला. कोट हँगरला लावून डॉक्टरांकडे पोचवला.

दुसऱ्या दिवशी मास्तर पहिल्या रांगेत बसले, बायको शेजारी. डॉक्टरांनी हॉलवर येऊन घाईघाईत कोट चढवला आणि स्टेजवरच्या खुर्चीत ऐटीत रेलले. पुढच्याच क्षणी ताडकन उठले! पुन्हा बसले, पुन्हा रेलले, पुन्हा उठले!

"अय्या, डॉक्टरांना मूळव्याध आहे का हो?" बायको कुजबुजली.

मास्तर हसले. मग डॉक्टर खुर्चीकडे वळले आणि त्यांची पाठ दिसली. मधोमध टेंगूळ! मास्तरांच्या अंगाला दरदरून घाम सुटला. दाराकडे नजर गेली, पण तेवढ्यात माइकवरून आवाज आला, "मास्तर, जरा वर येता का?"

मास्तर स्टेजवर चढले. खिशातली कात्री काढली आणि भरल्या सभेत अस्तर आणि आतलं ठिगळ उसवलं. अर्धा चेंडू टपकन पडून घरंगळत गेला. हॉल हसून लोटपोट!

"हे काय हो?" डॉक्टरही हसत होते.

खोटं सांगावं? मास्तरांनी खाली पाहिलं. सगळा हॉल हसत होता, फक्त बायको हसत नव्हती. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"झोप लागली होती," ते पुटपुटले. "शिवता शिवता."

"कधी कधी लागते अशी?"

"रोजच."

माइक चालूच होता! डॉक्टरांचं हसू मावळलं. "तपासणी करून घ्या, मास्तर," ते हळूच म्हणाले.

मास्तर मान खाली घालून जागेवर येऊन बसले. आता कुणाकडे बघायचंच नाही, असं ठरवून त्यांनी डोळे मिटले. व्याख्यान सुरू झालं. पंखा फिरत होता. मास्तरांची मान खुर्चीच्या पाठीवर मागं कलली, तोंड उघडलं...

जाग आली ती बायकोनं दंडाला धरून हलवल्यावर. हॉलमध्ये चिडीचूप. व्याख्यान थांबलेलं. डॉक्टर स्टेजवरून उतरून समोर उभे. मागच्या रांगेतली माणसंसुद्धा उठून उभी राहून बघत होती, आणि कुणीच हसत नव्हतं.

मास्तरांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. "फार घोरलो का गं?" त्यांनी ओशाळून विचारलं.

"घोरत होतात तोवर बरं होतं हो," बायको म्हणाली. "मग गप्प झालात."