रत्नव्वाचे पाहुणे आणि माझी सफाई

ज्या माणसाने उसाचा चरक उघडून, धुऊन, ग्रीस लावून परत बसवला आहे, त्याला घरातला एक कॉम्प्युटर साफ करायला काय अवघड? हे वाक्य माझंच आहे. ऐकायला समोर जोतीराम होता आणि तो ते अजून विसरलेला नाही.

मी विरूपाक्ष. कसबा बावड्यात राहतो. साखर कारखान्यात फिटर होतो, आता रिटायर आहे. ही गोष्ट दोन हजार सहा सालची. माझी बायको रत्नव्वा त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेली. त्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. घरात दोन माणसं होती, एक राहिलं.

कॉम्प्युटर आमच्या मुलीनं, रक्षितानं घेऊन दिलेला. ती बेंगलोरला नोकरी करते. मी त्या डब्यापासून लांबच होतो, पण रत्नव्वा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि शिकली. सकाळी पूजा झाली की विभूतीचं एक बोट त्या डब्यालाही ओढायची. म्हणायची, "कारखान्यात तुमी मशिनीला हार घालताय न्हवं? मग ह्यानं काय पाप केलंय?"

तिचा एकच घोळ होता. तिला कुणाला नाही म्हणता येत नसे. मीटर बघायला आलेला, पत्ता चुकून आलेला, उदबत्त्या विकायला आलेला, कोणीही असो, आमच्या दारातून चहा घेतल्याशिवाय गेला नाही. कॉम्प्युटरवर तेच. मधेच एक चौकट यायची, मला आत घेता का म्हणून विचारायची, की रत्नव्वा लगेच येस दाबणार.

"अगं, कोण हाय ते बघ तरी," मी म्हणायचो.

"दारात येऊन इचारतंय बिचारं. तोंडावर नको कसं म्हणायचं?"

अशाने आमच्याकडे पाहुणे जमले. एक रोज रांगोळी दाखवायचा. एक हवामान सांगायचा, पण ते कुठल्या मुलखातलं कोण जाणे. आमच्या अंगातून घामाच्या धारा चालल्या असताना तो बर्फ पडणार म्हणायचा. एक पोपट होता, तो काम करताना स्क्रीनवर येऊन पंख झाडायचा. आणि वरच्या बाजूला पट्ट्यांवर पट्ट्या चढलेल्या, इतक्या की खाली वाचायला भाकरीच्या तुकड्याएवढी जागा राहिली होती.

ती गेल्यावर मी कॉम्प्युटरला हात लावायला लागलो तो एकाच कारणाने. त्यात तिचा आवाज होता. दिवाळीत रक्षितानं तिला रेकॉर्डिंग शिकवलं तेव्हाचा. दुसरीकडे कुठेच तो नव्हता. फोटो भिंतीवर आहे, पण फोटो बोलत नाही. सकाळी चहाचा कप घेऊन बसायचं आणि ते लावायचं, एवढंच मला येत होतं. गल्लीत कोणी विचारलं की मी सांगायचो, पूजेतलं वचन म्हणते ती त्यात. पण ऐकवलं कुणाला नाही.

मग कॉम्प्युटर मंद झाला. आधी चहा निवल्यावर आवाज यायचा. मग कप धुऊन झाला तरी येईना. एक दिवस मोठी लाल चौकट आली. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, आम्ही तपासून देतो. मला बरं वाटलं. कुणीतरी आपली काळजी करतंय. मीही येस दाबलं. त्याने तपासलं आणि रोगांची यादी काढली. परत तपासलं, तर यादी वाढलेली. बरं करायचं तर कार्डाचा नंबर द्या म्हणाला. माझ्याकडे कार्ड एकच, रेशनचं. त्याचा नंबर टाकला. त्याला तो चालला नाही.

दुसऱ्या दिवशी रत्नव्वाचं रेकॉर्डिंग उघडेचना. नुसतं वाळूचं घड्याळ उलटंपालटं होत राहिलं. तेव्हा मी बाह्या वर केल्या.

कारखान्यात हंगाम संपला की सगळं उघडायची रीत आहे. प्रत्येक भाग बाहेर काढायचा. हा काय काम करतो, असं विचारायचं. ज्याचं काम कुणाला सांगता येत नाही तो भंगारात जातो. मी तीच रीत लावली. प्रोग्राम काढायची यादी कुठे असते ते रक्षितानं आईला दाखवताना मी पाहिलं होतं. जोतीराम शेजारच्या खुर्चीत बसला. तो कारखान्यात माझ्याच खात्यात होता आणि आता गल्लीतल्या तालमीचा कारभार बघतो.

"मिस्त्री, पोरीला इचारून कर की," तो म्हणाला.

तेव्हा मी ते चरकाचं वाक्य बोललो.

रांगोळीवाल्यापासून सुरुवात केली. काढू लागलो तर त्याने विचारलं, नक्की का? हो म्हटलं. खरंच का? हो. मग शेवटी एक पान उघडलं. आम्हाला का काढताय, कृपया कारण सांगा, आमचं काही चुकलं का? खाली लिहायला मोकळी जागा. आता इतकं कुणी विचारल्यावर न बोलता घालवायचं कसं? मी एका बोटाने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. तुमची चूक नाही. तुम्हाला बोलावणारी वारली. रांगोळी काढायला आता घरात कोणी नाही. राग मानू नये.

जोतीरामानं ते वाचलं आणि खुर्ची जरा जवळ ओढली.

हवामानवाल्यालाही लिहिलं. पोपटाला काढताना हात जरा थांबला, कारण रत्नव्वा त्याच्याशी बोलायची. पण त्यालाही लिहिलं आणि घालवलं. लाल चौकटवाला सगळ्यात चिवट निघाला. लग्नात रुसलेल्या मामासारखा दर खेपेला परत येऊन बसायचा. त्याला काढता काढता दुपार झाली. मग राहिले गप्प बसणारे. कधी समोर आले नाहीत, काही मागितलं नाही, काम करताना दिसले नाहीत. कारखान्याचा नियम त्यांनाही. एकेक बाहेर काढला. त्यातला एक तर का काढताय हेही न विचारता मुकाट्याने गेला. सज्जन वाटला मला.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काय पळत होता! मी जोतीरामाकडे अशा नजरेनं पाहिलं की बस. रत्नव्वाचं रेकॉर्डिंग दाबलं. ते लगेच उघडलं. हिरवी रेघ सरकायला लागली, पार शेवटापर्यंत गेली. आवाज नाही.

परत दाबलं. रेघ सरकली. आवाज नाही.

मी कान स्पीकरला लावून पाहिला.

"स्पीकरमधी दम न्हाय," जोतीराम म्हणाला आणि त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. स्पीकर उघडला, आत फुंकर मारली, परत बसवला. स्क्रू उरले. आवाज नाहीच.

"थांब. तालमीचे बॉक्स आणतो. गणपतीत भवानी मंडपापत्तूर ऐकू जात्यात."

"जोतीराम, अरे आवाज आतच न्हाय."

"आत असंल तर भाईर काढतो की," म्हणून तो गेला, आणि हातगाडीवर कपाटाएवढे दोन बॉक्स घेऊन आला. खोलीत मावेनात म्हणून व्हरांड्यात गल्लीकडे तोंड करून ठेवले. कॉम्प्युटरच्या मागं पिन घातली. आवाज नाही. बटण थोडं वाढवलं. नाही. मग त्याने ते पिळून पिळून शेवटाला नेलं. तरी नाही. बॉक्स बघून गल्ली मात्र जमली. कुणाचं लग्न ठरलं म्हणून कोण विचारतंय, कारखान्याची निवडणूक लागली का म्हणून कोण विचारतंय. शेजारच्या कुलसुमभाभी पिठाच्या हातानं आल्या. रत्नव्वाची आणि त्यांची जिवाभावाची मैत्री.

"काय झालं आण्णा?"

मी नुसतं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. जोतीरामानंच सांगितलं, "वैनींचा आवाज गेला."

"गेला म्हणजी? बसा तुमी. रक्षिताला फोन लावा आधी."

आमचा फोन पुढच्या खोलीत आणि त्याची वायर आखूड. म्हणून कुलसुमभाभी फोन कानाला लावून दारात उभ्या राहिल्या. बेंगलोरचं त्या आम्हाला सांगायच्या आणि आमचं बेंगलोरला.

"ती म्हणती, काय काय काढलं?"

"न लागणारं सगळं."

"न लागणारं सगळं म्हणत्यात गं. ... ती इचारती, साऊंड असं नाव आसलेलं काय व्हतं का?"

"व्हतं एक. गप बसलेलं."

"व्हतं म्हणत्यात. ... काढलं का?"

"काढलं. काय बी न बोलता गेलं."

कुलसुमभाभींनी ते सांगितलं आणि फोन कानापासून जरा लांब धरला. "आण्णा, पोरगी वरडायलीय. आईचा आवाज तोच ऐकवत व्हता म्हणती. रेकॉर्डिंग हाय तसंच हाय, काळजी करू नका म्हणती. कॉम्प्युटरसंगं एक चकती आलती, ती घाला म्हणजी साऊंड परत येतोय."

मी खाली बसलो. तिथेच, फरशीवर. ती आत होती. फक्त बोलता येत नव्हतं तिला.

मग चकतीची शोधाशोध सुरू झाली. कपाट, माळा, गादीखाली, सगळं उलथंपालथं. अर्धी गल्ली घरात शिरली होती आणि प्रत्येकजण दुसऱ्यानं पाहिलेलंच परत पाहत होता. कुलसुमभाभी दारात फोन धरून उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "चकती म्हणजी ती चमकती का? मधी भोक आसलेली?"

"व्हय."

"ती माझ्या वाळवणावर टांगलीय की. चिमण्या येऊ न्हाईत म्हणून. रत्नव्वानंच दिली मला."

भाभींनी मागितली असेल आणि रत्नव्वानं येस म्हटलं असेल.

चकती आली. उन्हात फिरून फिरून तिचा रंग उतरलेला, एका बाजूला उडदाच्या पापडाचं पीठ. जोतीरामानं ती सदऱ्याला पुसली. दोरा ओढून काढला. आत घातली तेव्हा कॉम्प्युटर आधी गिरणीसारखा घरघरला. मी मनात तेवढं एकच म्हणत होतो, लाग बाई, लाग. कुलसुमभाभी दारातून सांगत होत्या, "नेक्स्ट दाबा म्हणती. परत नेक्स्ट. आता येस. आण्णा, आता येस म्हणायला ती सांगती हाय, आपल्या मनानं न्हवं."

कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला. चालू होताना त्याचं ते नेहमीचं टुंग वाजतं ना, ते तालमीच्या बॉक्समधून वाजलं. समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. एक म्हैस दाव्याला हिसका देऊन उभी राहिली. जोतीराम बटण कमी करायला व्हरांड्यात पळाला. पण मला थांबता आलं नाही. मी रेकॉर्डिंग दाबलं.

आणि सगळ्या गल्लीत रत्नव्वा बोलली.

"रक्षिता, हे लाल दिसतंय ते चालू का बंद गं? बंदच आसंल. बरं ऐक. कुलसुम लसणाची चटणी देती न्हवं, ती लई जाळ आसती. जिभंला चटका बसतोय. पर तिला बोलू नको, लई मायेनं आणती ती. मी दह्यात कालवून संपवती."

जोतीरामाचा हात बटणावर पोचला होता. तो तिथेच थांबला. त्यानं वैनींचा आवाज त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा ऐकला होता.

"आणि जोतीरामभावजींच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिसला की मिक्सर कपाटात ठेवत जा. त्येंना उघडाय येतंय, बसवाय येत न्हाय. पर तुझे आप्पा दवाखान्यात व्हते तवा उशाला तेच बसलेले. तेवढं इसरायचं न्हाय."

कुलसुमभाभींनी फोनचं तोंड बाहेर बॉक्सकडे धरलं.

"आणि ह्ये महत्त्वाचं हाय. मी घरात नसले तर तुझ्या आप्पांना ह्या कॉम्प्युटरला हात लावू देऊ नको. त्येंना वाटतंय सगळं चरकासारखंच आसतंय. काढतील सगळं आणि बसतील डोक्याला हात लावून. ... अगं बया, हे चालूच हाय की."

संपलं. माझा हात खरोखर डोक्याला होता. हे मी रोज सकाळी चहाबरोबर ऐकत होतो. रोज.

"ह्ये वचन व्हय?" व्हरांड्यातून जोतीराम म्हणाला.

कुलसुमभाभी पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या, दोन्ही एकदम. फोन अजून त्यांच्या हातात होता आणि त्यातून रक्षिताही तसंच काहीतरी करत असल्याचं ऐकू येत होतं. "दह्यात कालवती म्हणं. मला कधी बोलली न्हाय गं बाई." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आण्णा, परत लावा."

परत लावलं. त्या दिवशी कितीदा लावलं ते मोजलं नाही. आवाज कमी करायचं कुणी नाव काढलं नाही. आलेल्या सगळ्यांना चहा मीच केला. साखर जास्त पडली, पण कोणी बोललं नाही. ती गेल्यापासून माझ्या घरात इतकी माणसं हसलेली नव्हती. मी दार ओढून एकट्यानेच ऐकत बसलो होतो इतके दिवस. त्या पाहुण्यांनी कॉम्प्युटर बंद पाडला नसता तर अजूनही तसाच बसलो असतो. म्हणून त्यांना घालवलं तरी त्यांच्याविषयी माझ्या मनात वाईट काही नाही. त्या चकतीविषयी आणि तिला सांभाळणाऱ्या पापडांविषयी तर नाहीच.

रक्षिता सुट्टी काढून आली. तिने कॉम्प्युटर नीट केला आणि आईच्या आवाजाच्या सीड्या करून ठेवल्या. एक मला, एक तिला. एक कुलसुमभाभींनी मागून नेली. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही. ती त्यांच्या शोकेसमध्ये चिनी मातीच्या हरणाशेजारी उभी आहे.

जोतीरामही आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. शेवटी म्हणाला, "मलाबी एक दे की मर्दा. पर ते स्क्रू ड्रायव्हरचं तेवढं काढून."

मी म्हटलं, "जोतीराम, काढायचं काम मी सोडलं."