चौदा नंबरची खोली

मार्गदर्शक सरांनी शोधनिबंध तिसऱ्यांदा परत केला, तेव्हा त्यावर एकच शेरा होता : ‘इंग्रजी आहे हे कळलं. पुढे?’

विद्यार्थ्याचं वय चौतीस. दहा वर्षं पाणीपुरवठा खात्यात नोकरी करून तो पुन्हा शिकायला आला होता. कोळशाच्या थरातून पाणी कसं गाळावं, हे तो कुणालाही दोन मिनिटांत समजावून सांगे. पण तेच इंग्रजीत लिहायला बसला की त्याच्या अंगात कुणी भलताच विद्वान संचारायचा. पहिलं वाक्य सात ओळींचं होतं आणि त्यात पाणी शेवटच्या ओळीत यायचं.

सरांनी त्याला संशोधन-लेखनाच्या वर्गाला जायला सांगितलं. दर बुधवारी अकरा वाजता, खोली नंबर चौदा. वर्ग सक्तीचा होता. हजेरी भरली नाही तर प्रबंध स्वीकारला जाणार नव्हता.

बुधवारी तो चौदा नंबरच्या खोलीत गेला. दारावरची पाटी निखळलेली होती, नंबर तेवढा शाबूत होता. आत टेबलामागे पन्नाशीच्या एक बाई हिरव्या शाईच्या पेनाने काहीतरी खोडत बसल्या होत्या. मागच्या फळ्यांवर काचेच्या बाटल्या, रबरी नळ्या आणि खराट्यांचा गठ्ठा होता. संस्थेत जागेची टंचाई आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याला नवल वाटलं नाही. वर्गात दुसरं कुणी नव्हतं, याचंही नाही. सक्तीच्या वर्गाला कोण येतं?

त्याने अदबीने निबंध पुढे केला. बाईंनी पहिलं वाक्य वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

“तुम्हाला नक्की काय हवंय?” त्यांनी विचारलं.

इतक्या मुळाशी जाणारा प्रश्न त्याला दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. तो अडखळत म्हणाला, की पाणी कोळशातून गाळलं तर स्वस्तात स्वच्छ होतं.

“मग तसं लिहा ना. हे एवढं सगळं कशाला?” असं म्हणून त्यांनी सहा ओळींवर हिरवी रेघ मारली आणि पुढच्या बुधवारी नीट करून आणायला सांगितलं.

तो दर बुधवारी जाऊ लागला. बाई फार बोलत नसत. समासात लिहीत : किती? कशासाठी? कुणी मोजलं? सध्या आहे त्यात का भागत नाही? ‘पुष्कळ’ हा शब्द त्यांना खपत नसे. त्याने ‘लक्षणीय प्रमाणात’ लिहिलं, तर त्यांनी त्याला प्रयोगाची वही आणायला पाठवलं. अखेर त्याने लिहिलं, की एका वस्तीला वर्षाला वीस पोती कोळसा पुरतो. त्या आकड्याखाली बाईंनी पहिल्यांदाच बरोबरची खूण केली. तो तरंगत घरी गेला. घरी ताईच्या लक्षात आलं, की भाऊ हल्ली विचारल्या प्रश्नाचं उत्तर देतो. तिने त्या न पाहिलेल्या बाईंना मनोमन दुवा दिला.

नवव्या बुधवारी बाईंनी निबंध एकही रेघ न मारता ठेवून घेतला. त्याच निबंधाची दुसरी प्रत सरांनी वाचली आणि खुर्चीतून उठून त्याचा हात हातात घेतला.

दुसऱ्याच दिवशी त्याला कार्यालयाचं पत्र आलं : लेखनवर्गाला नऊही वेळा गैरहजर. प्रबंध स्वीकारता येणार नाही.

तो हिरव्या रेघांचे सगळे कागद घेऊन धावला. कार्यालयात लेखनवर्गाचे शिक्षक बसले होते. तरुण, टायवाले, आणि त्याने आयुष्यात कधी न पाहिलेले. ते शांतपणे म्हणाले, की वर्ग नव्या इमारतीतल्या चौदामध्ये भरतो. जुन्या इमारतीतल्या चौदामध्ये स्टोअर आहे.

एवढ्यात सरांचा फोन आला. प्रयोगशाळेच्या दारात कोळशाची वीस पोती येऊन पडली होती, दार उघडत नव्हतं आणि सर आत होते.

कागद शिक्षकांपुढेच टाकून तो धावला, पोती सारून सरांना बाहेर काढलं आणि तसाच स्टोअरमध्ये गेला. बाई म्हणाल्या, की मोठ्या मागणीला कारणाचं टिपण जोडावं लागतं, असा नियम आहे. “आठ वेळा तुमचं म्हणणं पटलं नाही, परत पाठवलं. नवव्यांदा पटलं. मंजूर केलं.”

त्याने खालच्या मानेने सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “तरीच. मला वाटायचं, हा माणूस कोळशासाठी एवढा का झुरतोय.” आणि त्यांना हसू आवरेना.

इकडे टायवाल्या शिक्षकांनी ते कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. त्यांनी नऊही हजेऱ्या लावून दिल्या आणि दबक्या आवाजात विचारलं, की त्या बाई बुधवारी किती वाजता भेटतात. त्यांचाही एक निबंध चार ठिकाणांहून परत आला होता.

राहिली पोती. परत करायची तर लेखी अर्ज हवा होता, तोही इंग्रजीत. विद्यार्थ्याने स्टोअरच्या टेबलाशी उभ्या उभ्या तीन मिनिटांत लिहून दिला : कोळसा चुकून आला. चूक माझी आहे. कृपया परत घ्यावा. नऊ बुधवार तुम्ही मला शिकवलंत, त्याबद्दल मी आपला आभारी आहे.

बाईंनी अर्ज वाचला. पहिल्या तीन वाक्यांवर खुणा केल्या. चौथ्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

“याचा कोळशाशी काही संबंध नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही,” तो म्हणाला.

बाईंनी पेनाला टोपण लावलं, त्या वाक्यासकट अर्जाची एक झेरॉक्स काढून आणायला त्याला पाठवलं, आणि ती फाइलला न लावता स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.