साहेब गोड बोलतात तेव्हा

नेतृत्वाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आटोपून साहेब सोमवारी कारखान्यात आले ते चक्क हसत. घोटाळ्याला सुरुवात तिथूनच झाली.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात अकरा माणसं होती आणि साहेबांचं हसू त्यांतल्या एकानंही कधी पाहिलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. फक्त आवाज जन्मापासून वरच्या पट्टीत लागलेला. "हे खोकं वाकडं का?" असं ते ज्या थाटात विचारत, त्यानं शेजारचं सरळ खोकंही दचकावं.

पण माणसं ओरडण्यानं नव्हे, कौतुकानं कामाला लागतात, हे आता साहेबांना मनोमन पटलं होतं. रोज प्रत्येकाला एक चांगला शब्द! ते थेट कापणी यंत्रावरच्या काकांपाशी गेले.

"काका, तुमच्यासारखा माणूस मिळायला भाग्य लागतं."

काकांनी यंत्र बंद केलं. "काय झालं, साहेब?"

"कुठं काय? इतकी वर्षं तुम्ही केलंत, त्याची जाणीव आहे मला."

काकांना त्यातला फक्त भूतकाळ ऐकू आला. 'केलंत' म्हणजे संपलंच की! साहेबांची पाठ वळताच ते डिंकाच्या टेबलावरच्या ताईंकडे धावले.

"ताई, मला काढतायत."

"कशावरून?"

"गोड बोलले."

ताईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात साहेब तिथंही आले. "ताई, तुमच्या हातात जादू आहे हो!" ताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि ज्या आवाजात रडायला सुरुवात केली, तो ऐकून टेम्पोचा ड्रायव्हर आत आला.

"अहो, रडताय काय? आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत," साहेब घाईघाईनं म्हणाले.

"झालं!" ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या आधीच्या मालकानं हे म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप."

दुपारपर्यंत काकांचा फोन घरी गेला आणि काकू हातातलं काम टाकून थेट साहेबांच्या केबिनमध्ये हजर झाल्या.

"ह्यांचं चुकलं असेल तर चांगलं झापा, पण असं कौतुक नका करू. बीपी आहे त्यांना."

"काकू, मी मनापासून बोललो!"

"तेच म्हणते मी. आजवर कधी बोललात?"

प्रशिक्षणात काकूंचा विषय निघालाच नव्हता.

तीन वाजता बुटांची चारशे खोकी जायची होती. साहेबांनी वरचं एक उचललं आणि झाकण लावायला गेले. झाकण टुपकन खोक्याच्या आत पडलं. दुसरं लावलं, तेही पडलं. धास्तावलेल्या काकांनी चारशेच्या चारशे झाकणं बोटभर लहान कापली होती.

साहेबांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. प्रशिक्षणात दहापर्यंत मोजायला सांगितलं होतं. ते चारपर्यंत पोचले.

"काका! हे झाकण आहे की बशी? ताई, डोळे पुसा आणि डिंक ढवळा! ड्रायव्हर, उभा काय राहिलास, पुठ्ठे उचल!"

कारखान्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. काकांचा चेहरा उजळला. ताई चक्क गुणगुणू लागल्या. स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंनी न सांगता योग्य मापाचे पुठ्ठे आधीच काढून ठेवले होते. काकूंनीही पदर खोचून घड्या घालायला घेतल्या आणि पाचच्या ठोक्याला टेम्पो निघाला.

साहेब दमून खुर्चीत टेकले, तर दारात स्टोअरच्या बाई उभ्या. डोळे लाल.

"साहेब, सगळ्यांना ओरडलात. मला एकटीलाच नाही. माझा शेवटचा दिवस कधी ते स्पष्ट सांगा."

"अहो बाई, तुमचं काही चुकलंच नाही!"

बाईंना हुंदका आवरेना. आता यांना कशावरून तरी ओरडायलाच हवं, म्हणून साहेबांनी त्यांच्याकडून मागणीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागवला आणि चुका शोधायला बसले. चुका भरपूर निघाल्या. सगळ्या साहेबांच्या स्वतःच्या अक्षरात. सत्तर पुठ्ठ्यांऐवजी सातशे, निळ्याऐवजी पिवळे, एका ठिकाणी तर चक्क मागच्या वर्षीची तारीख. प्रत्येक चुकीवर बाईंची बारीक लाल दुरुस्ती होती.

"हे कधीपासून चाललंय?"

"नऊ वर्षं झाली. घाईत तुमच्याकडून एखादं शून्य जास्त पडतं. मी काढून टाकते."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"तुम्ही ओरडला असता."

"मग ओरडलो असतो!" साहेबांचा आवाज चढला, टेबलावरचा पेला थरथरला. "नऊ वर्षं एकटीनं निस्तरत बसायचं? हे काय वागणं झालं? उद्यापासून माझी चूक दिसली की तिथल्या तिथं मला सांगायची, सगळ्यांसमोर!"

बाईंनी डोळे पुसले. "एवढंच ना?" म्हणाल्या आणि हलक्या पावलांनी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला स्टोअरमधून खणखणीत हाक आली, "साहेब! हे काय लिहिलंय? डिंकाचे डबे सहा की साठ?"

काकांनी यंत्र बंद केलं. ताईंचा ब्रश हवेतच थांबला. साहेब चष्मा चाचपडत स्टोअरच्या खिडकीपाशी गेले.

"सहा," ते पुटपुटले.

"मग सहा लिहा ना!"

साहेबांनी निमूटपणे बाईंकडेच पेन मागितलं.